तोकाइदोच्या वाटेवरचे दवाखाने

तोझाई लाइनची गाडी तोक्योच्या पोटातून धावत असते तोवर खिडकीच्या काचेत फक्त डब्यातले दिवे दिसतात. मिनामी-सुनामाची स्टेशन मागे पडलं की ती जमिनीवर येते आणि आराकावा नदीचा रुंद पूल ओलांडू लागते. खाली करडं पाणी, काठावर बेसबॉल खेळणारी मुलं, लांबवर उड्डाणपुलांच्या रांगा. डब्यात कुणी फोनवर बोलत नाही, कुणी कुणाकडे निरखून पाहत नाही. पुलापलीकडचं पहिलं स्टेशन निशी-कासाई. तिथं उतरले आणि फलाटाच्या जिन्यावर एक शाळकरी मुलगा आईला म्हणत होता, "आई, पाणी दे ना." स्टेशनाबाहेरच्या गल्लीत हिंगाचा वास होता. दुकानात तूरडाळ, जाडे पोहे, कढीपत्त्याच्या जुड्या आणि दिवाळीच्या उटण्याची खोकी.

एदोगावा प्रभागातली ही भारतीय वस्ती वाढली ती २००० सालाच्या सुमारास. सहस्रक बदलताना संगणक गडबडतील या धास्तीने जपानी कंपन्यांनी भारतातून इंजिनिअर बोलावले. त्यांच्या कचेऱ्या ओतेमाची, निहोनबाशी भागात, म्हणजे याच रेल्वेमार्गावर. शिवाय इथल्या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत घर घ्यायला जपानी जामीनदार लागत नाही. एकाच्या ओळखीने दुसरा आला, शाळा निघाल्या, गणपती बसू लागले. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे नागरिक.

माझी भाची अशाच एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. तिला सातवा महिना लागला होता. मी तिच्याकडे आले होते, आणि मनात आणखी एक काम घेऊन आले होते. परक्या देशात घर मिळतं, नोकरी मिळते, भाजी मिळते. पण दुखायला लागलं की माणूस काय करतो, हे मला पाहायचं होतं. तोक्योहून निघून तोकाइदो रेल्वेमार्गाने कोबेपर्यंत जायचं आणि वाटेत जे भेटतील त्यांचं ऐकायचं, असं मी ठरवलं होतं. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांची संख्या साडेसदतीस लाखांच्या वर गेली होती. एवढी माणसं कधी ना कधी आजारी पडणारच.

भाचीबरोबर तिच्या दवाखान्यात गेले. दारातच चपला काढून कपाटात ठेवायच्या आणि तिथल्या सपाता घालायच्या. आत वीसेक बायका बसलेल्या, तरी भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. आपल्याकडच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या शेजारणीचा कितवा महिना, सासर कुठलं, मागच्या खेपेला नॉर्मल की सिझर, एवढं कळलेलं असतं. पाळी येईपर्यंत निम्मी भीती तिथंच ओसरते. इथं प्रत्येक बाई आपल्यापुरती बसलेली. रिसेप्शनवरच्या मुलीने दोन्ही हातांनी, किंचित वाकून, एक कागद दिला. भाचीने तो तीनदा वाचला. ती जपानी कंपनीत काम करते, बैठकांत जपानीत बोलते, तिच्याकडे भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आहे. पण त्या कागदावर आजीच्या रक्तदाबापासून लहानपणच्या गोवरापर्यंत सगळं विचारलेलं होतं, आणि ते शब्द तिला कुठल्याच बैठकीत भेटले नव्हते. "मावशी, सर्व्हर बंद पडला तर मला नीट सांगता येतं," ती हळूच म्हणाली, "पोटात ओढ लागते ते नाही सांगता येत."

पैशाची अडचण इथं त्या मानाने कमी आहे, हे आधी सांगायला हवं. १९६१ पासून जपानमध्ये प्रत्येकाला आरोग्यविमा आहे. तीन महिन्यांहून अधिक मुक्कामाचा परवाना असलेल्या परदेशी माणसालाही तो घ्यावाच लागतो, आणि बहुतेकांना बिलाच्या तीस टक्केच भरावे लागतात. गरोदरपणाची नोंद केली की नगरपालिकेतून 'बोशी तेच्यो' मिळते, आई आणि बाळ दोघांची मिळून एक वही. १९४८ पासून ही पद्धत आहे. आईचं वजन, लघवीची तपासणी, बाळाच्या लसी, पहिलं पाऊल कधी टाकलं, सगळं त्या एका वहीत. तिच्या परदेशी भाषांतल्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. इतकी सोय असलेल्या देशात भाची डॉक्टरांच्या खोलीत शिरताना माझा हात का धरत होती, हे मला आत गेल्यावर समजलं.

डॉक्टर साठीच्या आसपासचे, अतिशय सौम्य. सोनोग्राफी दाखवली, बाळाचं नाक दाखवलं, मग वजनाचा काटा दाखवून गंभीर झाले. जपानमध्ये गरोदर बाईच्या वजनावर फार बारीक लक्ष असतं. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली मर्यादा थोडी सैल केली, तरी मध्यम बांध्याच्या बाईला दहा ते तेरा किलो एवढीच वाढ चालते. तिकडे पुण्याहून माझी बहीण रोज फोनवर डिंकाच्या लाडवांची चौकशी करत होती. "दोन जिवांची आहेस, पोटभर खा" आणि "कृपया भात कमी करा" यांच्यामध्ये ती पोर उभी होती. डॉक्टर बोलत होते आणि ती मान हलवत होती, आपण हलवतो तशी, डावीकडून उजवीकडे, म्हणजे हो, हो, कळलं. डॉक्टर थांबले. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा अधिक हळू. तिने पुन्हा तशीच मान हलवली. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, ही नाही म्हणते आहे. शेवटी नर्सच्या लक्षात आलं. तिने भाचीच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः खालीवर मान हलवून विचारलं. एका मिनिटात प्रश्न मिटला. असं किती खोल्यांत मिटत नसेल, हा विचार मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

जपानी मुलीही बाळंतपणाला माहेरी जातात. त्यांच्याकडे ही रीत इतकी रुळलेली आहे की डॉक्टर सुरुवातीलाच विचारतात, बाळंतपण इथं की माहेरी? भाचीने सांगितलं, इथंच. डॉक्टरांनी तशी नोंद केली आणि क्षणभर तिच्याकडे पाहिलं. ती नजर कुठल्याही मराठी बाईला कळली असती.

त्या रविवारी इमारतीतल्या पाच-सहा मराठी घरांचं एकत्र जेवण होतं. भरली वांगी, मसालेभात, कुणीतरी नारळ घालून केलेली कोबीची भाजी. मी विषय काढला आणि ताटं तशीच राहिली. प्रत्येकाजवळ काही ना काही होतं. सांगलीकडच्या एका जैन गृहस्थांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथं झालं होतं. मांस, मासे, अंडी चालत नाहीत हे त्यांनी लिहून दिलं होतं, रुग्णालयानं ते मनापासून पाळलं, आणि तिसऱ्या दिवशी सुपाची वाटी आली. जपानी सुपाचा आधारच बोनितो माशाच्या अर्काचा असतो. त्या स्वयंपाकघरात मासा म्हणजे ताटातला तुकडा. पाण्यात उतरलेला अर्क कुणी मासा मोजत नाही. दोष कुणाचाच नव्हता. वाटी परत गेली, आहारतज्ज्ञ बाई येऊन कितीदा तरी वाकून क्षमा मागून गेल्या, आणि पुढचे दिवस त्यांनी भाताच्या पेजेवर काढले. त्यांना जास्त लागलं ते वेगळंच. बायकोला रात्री जवळ राहू दिलं नाही. सगळं नर्स करणार, नातेवाइकांनी ठरल्या वेळेत यायचं आणि जायचं. आपल्याकडे पेशंटजवळ झोपायला कोण, हे आधी ठरतं आणि डॉक्टर नंतर. आपल्या वॉर्डात खाटेखाली चटई टाकून पडलेल्या त्या माणसाला आपण गर्दी म्हणतो. पण तोच तर रुग्णाच्या वतीने बोलणारा असतो. रात्री दोनला नर्सला उठवणारा, "यांना हे औषध सोसत नाही" असं बजावणारा. इथं त्याची जागा रिकामी असते. जपानी रुग्णाचं त्यावाचून अडत नाही, कारण तो स्वतः बोलू शकतो.

नागपूरच्या एका ताईंनी सांगितलेली गोष्ट मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवली. त्यांच्या दीड वर्षाच्या मुलीला तापात आकडी आली. नवरा ओसाकाला गेलेला. त्यांनी ११९ ला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न येतो, आग की आजारी माणूस, कारण दोन्हींचा नंबर एकच. आता देशातल्या बहुतेक अग्निशमन विभागांत दुभाष्याला मध्ये घेऊन तिघांचं बोलणं होतं, तसं इंग्रजीत सुरू झालं. ताप किती, विचारल्यावर ताई म्हणाल्या, एकशे तीन. पलीकडे शांतता. जपानमध्ये ताप सेल्सिअसमध्ये मोजतात. साडेसदतीसच्या पुढे गेला की ताप, चाळीस म्हणजे फार. आपल्या घराघरातल्या थर्मामीटरवर मात्र फॅरनहाइट. सामान त्यांनी भारतातून आणलं, त्यात आजीने दिलेला थर्मामीटरही आला. आकडीतल्या लेकराला मांडीवर घेऊन त्या बाईने एकशे तीनचे सेल्सिअस कसे करावेत? दुभाष्याला सुदैवाने उलगडलं. रुग्णवाहिका काही मिनिटांत आली, तिला पैसे पडत नाहीत. पण ती दारातच उभी राहिली, कारण जागा आहे असं एखाद्या रुग्णालयाने सांगितल्याशिवाय ती निघत नाही. आतला जवान एकामागून एक फोन करत होता. तो काय बोलतो आहे, गाडी का हलत नाही, हे ताईंना कुणी सांगितलं नाही. "पोरगी बरी झाली ताई," त्या म्हणाल्या, "पण त्या पंधरा मिनिटांचं स्वप्न मला अजून पडतं."

अशा वेळेसाठी २०१७ पासून रुग्णवाहिकांत एक ॲप दिलं जातं. जवान जपानीत बोलतो आणि फोन पंधरा भाषांत बोलतो. 'तुम्हाला रुग्णालयात नेत आहोत', 'कुठे दुखतं' अशी नेमकी वाक्यं त्यात तयार असतात. हे फार चांगलं काम आहे. पण प्रश्न तयार करता येतात, उत्तरं कशी करणार? जपानी माणूस दुखणं सांगताना नादशब्दांचा आधार घेतो. ठोक्यागणिक ठणकणारं डोकं 'झुकीझुकी', सुई टोचल्यासारखं 'चिकुचिकु', आतडं पिळवटणारं 'किरीकिरी'. डॉक्टर त्यावरून निदानाच्या जवळ जातात. आपल्याला हे परकं वाटायला नको. ठसठस, भणभण, भगभग, सणक, चमक, कळ, मुरडा, कणकण, एवढी दुखणी आपण एका श्वासात वेगळी करतो. पण ताई आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभी असते ती दोघांचीही नसलेली इंग्रजी. पलीकडे पोचतं ते फक्त 'पेन'. ठसठसही तिथं पेन, कळही पेन.

तोक्योहून कानागावात आले. योकोहामाचा इझुमी प्रभाग आणि यामातो शहर यांच्या हद्दीवर इच्यो नावाची मोठी सरकारी वसाहत आहे. बाहेरून एकसारख्या, नंबर घातलेल्या इमारती. पण जवळ गेलं की सज्ज्यांत वाळत घातलेली कोथिंबिरीच्या जातीची पानं, लेमनग्रासच्या कुंड्या, आणि कचऱ्याच्या जागी जपानी, व्हिएतनामी, ख्मेर, चिनी अशा सूचना. इथल्या लोकांची मुळं युद्धात आहेत. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून निघालेल्या अकरा हजारांवर निर्वासितांना जपानने आसरा दिला आणि त्यांना भाषा शिकवण्यासाठी १९८० साली यामातोत केंद्र उघडलं. ते १९९८ ला बंद झालं, माणसं आसपास राहिली. वसाहतीच्या कोपऱ्यावर दुपारी मी फो या व्हिएतनामी सुपाचा वाडगा घेतला. वाढणाऱ्या आजींनी मला तिखट हवं का, हे बोटाला फुंकर घालून विचारलं. इतकं साधं सगळं असतं तर!

या कानागावा प्रांतानं मात्र एक गोष्ट केली, ज्यासाठी मी इथवर आले होते. २००२ पासून 'मिक कानागावा' नावाची संस्था प्रांताच्या साहाय्याने रुग्णालयांना प्रशिक्षित दुभाषी पुरवते. रुग्णाने नातेवाईक आणायचा नाही, मित्राची रजा मोडायची नाही. रुग्णालय कळवतं आणि दुभाषी येतो. त्याआधी १९९१ पासून 'आम्दा' या ओकायामाच्या वैद्यकीय संस्थेचं तोक्योतलं केंद्र फोनवर परदेशी रुग्णांना त्यांच्या भाषेत वाट दाखवत आलं आहे. अशीच दवाखान्यांतून दुभाष्याचं काम करणारी पेरूची एक बाई मला भेटली. पन्नाशीची, ठेंगणी, पिशवीत कायम एक जाड वही. शरीराचे अवयव, तपासण्या, औषधं, सगळं तिने स्वतःच्या हाताने स्पॅनिश आणि जपानीत लिहून ठेवलेलं.

ती कुठे बसते, हे तिने मला खुर्च्या मांडून दाखवलं. रुग्णाच्या शेजारी, पण थोडी मागे. म्हणजे डॉक्टरांना रुग्णाकडेच पाहावं लागतं आणि रुग्णाला डॉक्टरांकडे. ती 'हे म्हणतात की' असं कधी म्हणत नाही. रुग्ण 'माझं पोट दुखतं' म्हणाला की तीही जपानीत 'माझं पोट दुखतं' म्हणते. काही गाळत नाही, काही घालत नाही, कितीही वाटलं तरी धीर देत नाही. फोन नंबर देत नाही. "सुरुवातीला लोकांना मी कठोर वाटते," ती म्हणाली. "पण मी धीर दिला तर डॉक्टरांनी काय दिलं ते त्यांना कळणारच नाही." मग ती एका रुग्णाविषयी बोलली. नाव नाही, आजार किती वाढलेला तेही नाही. डॉक्टरांनी जपानीत वाक्य पूर्ण केलं, आणि ते वाक्य त्या माणसाने पहिल्यांदा ऐकलं ते तिच्या तोंडून. 'तुम्हाला कर्करोग आहे.' त्याने हात धरला तो तिचा. ती म्हणाली, "घरी गेल्यावर मी खूप वेळ भांडी घासत राहिले." या कामाचं मानधन इतकं कमी आहे की त्यावर घर चालत नाही. दिवसभर दुसरी नोकरी करून ती हे करते. एवढ्या बारकाईने आखलेल्या देशाने हे काम अजून चांगुलपणावर सोडलेलं आहे, हे मला तिथं बसून फार टोचलं. भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी मानधनावर बोलावत नाही. रुग्णाला काय झालं आहे ते सांगणारी व्यक्ती उपचाराचा भाग नाही, असं कोण म्हणेल?

हामामात्सुला जाताना उजवीकडे चहाचे मळे लागतात, मग शहराच्या आधी तेनर्यू नदीचं पांढरं पात्र. सुझुकी, यामाहा यांचं हे गाव. दुपारच्या वेळी रस्त्यांवर भाजल्या जाणाऱ्या ईल माशाचा गोडसर धूर असतो. आणि बाजूच्या वस्तीतल्या दुकानात ब्राझीलची काळ्या घेवड्याची उसळ, भात, चीजचे गरम गोळे. १९९० साली जपानने कायदा बदलून परदेशी गेलेल्या जपान्यांच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या वंशजांना इथं येऊन काम करायची मुभा दिली. कारखान्यांना हात हवे होते. जपानी चेहऱ्याची, जपानी आडनावाची आणि पोर्तुगीज बोलणारी माणसं आली. चेहरा पाहून डॉक्टर सरळ जपानीत सुरू करायचे.

अशा घरांतली मुलं शाळेत भाषा शिकली आणि घरची दुभाषी झाली. आता शाळेत साहाय्यक म्हणून काम करणारी एक तरुणी मला म्हणाली, अकराव्या वर्षी ती आईला घेऊन रुग्णालयात गेली होती. शाळेला त्या दिवशी खाडा. डॉक्टर आईशी नाही, तिच्याशी बोलले, कारण उत्तर तीच देत होती. पिशवीतली गाठ काढावी लागेल, कदाचित पिशवीही. तिने आईला पोर्तुगीजमध्ये सांगितलं, "छोटीशी गाठ आहे, औषधाने जाईल." पिशवी म्हणजे काय हे तिला नीट माहीत नव्हतं, आणि आई घाबरलेली तिला पाहवत नव्हती. खरं बाहेर आलं तेव्हा आईने तिला जवळ घेतलं, एक शब्द बोलली नाही. "मी आजही शाळेत असं मूल शोधत असते," ती म्हणाली. "सकाळी उशिरा आलं आणि हातात रुग्णालयाचं पाकीट असलं की मी ओळखते." मुलाच्या तोंडून आईचं दुखणं सांगवून घेऊ नये, एवढा एक नियम कुठल्याही देशाने केला तरी पुष्कळ होईल.

तिची आई आता सत्तरीत आहे. तीस वर्षांत कारखान्यात पुरेल एवढी जपानी ती शिकली होती. हल्ली ती विसरू लागली आहे, आणि स्मृती जाताना उशिरा शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते. पहिल्या फळीचे सगळेच आता म्हातारे होत आहेत. तरुण हात मागवणाऱ्या देशाने या दिवसाचा विचार तेव्हाच करायला हवा होता.

त्या रात्री हामामात्सुच्या खोलीत मला गडचिरोली आठवत राहिलं. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं गेले तेव्हा समोरचा रुग्ण माडिया बोलणारा होता, आणि त्यांना माडिया येत नव्हती. ते दोघं ती भाषा माणसांकडूनच शिकले. परदेशात जावं लागलं नव्हतं. आपल्याच राज्यात डॉक्टर परका होता. आणि आजही मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बिहारची किंवा तेलंगणची बाई येते तेव्हा शेजारच्या खाटेवरचा कुणीतरी नातेवाईक किंवा सफाईला आलेली मावशी दुभाषी होते. कानागावासारखी यादी, वही, खुर्चीची जागा यातलं आपल्याकडे काही नाही. जपानला नावं ठेवताना हे मला विसरता येत नाही.

तोकाइदो रेल्वेमार्ग जिथं संपतो ते कोबे. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळं शहर. इथं भारतीय व्यापारी पिढ्यानपिढ्या आहेत. १९३५ ची मशीद आहे, जैन मंदिर आहे. मी गेले ते पश्चिमेकडच्या नागाता भागात. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली, आणि नागाता जळालं. चपला-बुटांच्या कारखान्यांत काम करणारे व्हिएतनामी, कोरियन इथंच राहत. ताकातोरीचं चर्च जळालं, त्याच्या आवारात शिगेरू बान या वास्तुकाराने कागदी नळ्यांचं सभागृह उभं केलं. त्याच आवारातून परदेशी भाषांतलं छोटं रेडिओ केंद्र सुरू झालं. पाणी कुठे मिळतं, डॉक्टर कुठे बसतात, हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगण्यासाठी. कारण तेव्हा सूचना होत्या, पण त्या परदेशी माणसाला कळत नव्हत्या. सगळ्या भाषांत भाषांतर होईपर्यंत माणूस थांबू शकत नाही. मग हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी उलट बाजूने विचार केला. जपान्यांनीच सोपं जपानी बोलावं. छोटं वाक्य, एका वाक्यात एक गोष्ट, अवघड चिनी जोडशब्द नाहीत, आडवळणाचा आदर नाही.

हेच आता डॉक्टरांना शिकवतात. नागातातल्या एका छोट्या सभागृहात असा वर्ग होता, तिथं मला बसू दिलं. दहाबारा तरुण डॉक्टर आणि नर्स. समोर रुग्णाच्या भूमिकेत आसपासचेच रहिवासी, व्हिएतनामी, नेपाळी, एक फिलिपिनो परिचारिका. एका डॉक्टरने औषध समजावताना 'शोक्कान' म्हटलं, म्हणजे दोन जेवणांच्या मध्ये. समोरच्या नेपाळी मुलाने मान डोलावली. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, कधी घेणार? तो म्हणाला, जेवताना, घास घेता घेता. डॉक्टर हसले नाहीत. पुष्कळ जपानी रुग्णही असंच समजतात, असं त्यांच्यातली एक नर्स म्हणाली. डॉक्टरने पुन्हा सांगितलं, "दुपारी बारा वाजता जेवा. तीन वाजता हे औषध घ्या." मग थांबून, "किती वाजता घ्याल?" "तीन." यात हुशारी काही नव्हती, तरी त्या तरुण डॉक्टरला घाम आला होता. आयुष्यभर ज्या नम्र, गोलाकार बोलण्याने तो मोठा झाला ते बाजूला ठेवून इतकं सरळ बोलणं त्याला उद्धटपणाचं वाटत होतं. ते त्याने तसं सांगितलंही. फिलिपिनो परिचारिका म्हणाली, "डॉक्टर, मला ते प्रेमाचं वाटलं."

वर्ग संपल्यावर चहा आणि तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आल्या. रुग्ण झालेल्यांपैकी एक व्हिएतनामी आजी सगळ्यांत उशिरापर्यंत थांबल्या होत्या. त्यांचे गुडघे खरोखरच दुखतात, भूमिकेसाठी त्यांना काही करावं लागलं नव्हतं. त्यांनी शिकवणाऱ्या बाईंना तुटक जपानीत विचारलं, आज आलेले डॉक्टर छान आहेत, पण माझे डॉक्टर आले नव्हते, ते कधी येणार? बाईंनी त्यांना कोणता दवाखाना, कोणता वार, ते विचारून घेतलं. तिथले डॉक्टर वयस्क आहेत, असल्या वर्गाला येत नाहीत, असं दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. बाईंनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाल्या, सोमवारी मी स्वतः त्यांच्याकडे जाते, आजी, तुम्हीही या.

आजींनी विचारलं, किती वाजता?